कडक माउंटिंग, निरोगी इंजिन आणि घोडबंदर रोड: एका हॅचबॅकचं प्रकरण

आमच्या रबाळे एमआयडीसीतल्या वर्कशॉपमध्ये ही गाडी आली ती इंजिन ओव्हरहॉलचं एस्टिमेट सोबत घेऊनच. सात वर्षं जुनी, १.२ लिटर, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअरची. मालक कासारवडवलीला राहणारा, नोकरी महापेला. म्हणजे सकाळी घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा आणि मग ठाणे-बेलापूर रोड. संध्याकाळी तेच उलटं. अंतराच्या मानाने वेळ भरपूर लागतो आणि त्यातला मोठा हिस्सा इंजिन चालू ठेवून जागच्या जागी उभं राहण्यात जातो. ही गोष्ट या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

तक्रारी चार होत्या. सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की स्टिअरिंग, सीट आणि डॅशबोर्ड थरथरतात. चढावर पिकअप जातो; वसईला जाताना गायमुख घाटात गाडी तिसऱ्या गिअरला दम टाकते. कूलंट थोडं थोडं कमी होत राहतं. आणि चौथी, जिने घरचे घाबरले होते: चालत्या गाडीत इंजिन क्षणभर बंद पडल्यासारखं होतं, चेक इंजिनची लाईट लागते, मग कधी विझते, कधी तशीच राहते. याआधी प्लग बदलून झाले होते, कॉइल बदलून झाली होती, इंजेक्टर साफ करून झाले होते. शेवटी हादरे, गेलेला दम आणि कमी होणारं कूलंट यांची बेरीज करून कुणीतरी सांगितलं होतं की हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.

मालकासोबत त्याचे वडील आले होते. ते म्हणाले, "खोलायला आमची ना नाही. पण ते खराब आहे, हे आधी दाखवा."

मागणी अगदी रास्त होती, आणि तपासाची सुरुवातही तिथूनच केली.

इंजिन खराब आहे का, हे आधी

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घेतलं, म्हणजे पिस्टन वर येताना आत किती दाब तयार होतो ते मोजलं. आकडे एकमेकांच्या जवळ आले आणि कंपनीच्या मर्यादेत होते. मग कूलंटच्या टाकीच्या तोंडावर निळ्या द्रावणाची चाचणी लावली. हेड गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू कूलंटमध्ये शिरतो आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे हे द्रावण पिवळं पडतं. इंजिन पुरतं तापवलं, रेस देऊन पाहिलं, बराच वेळ थांबलो. द्रावण निळंच राहिलं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय नव्हती, सायलेन्सरमधून पांढरा धूर नव्हता, होज अवाजवी फुगत नव्हता. इतकं झाल्यावर सांगितलं, "काका, इंजिन उघडायचं नाही. दुखणं बाहेर आहे."

हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहितोय. कंपनीतून बांधून आलेलं निरोगी इंजिन एकदा उघडलं की ते तसंच्या तसं परत बांधलं जाईल, याची हमी कुणी देत नाही. हादरे आणि कमी पिकअप एवढ्या दोन गोष्टींवर इंजिन खोलायचा निर्णय घेणं गाडीवर अन्याय आहे, आणि ज्याच्या पगारातून ते पैसे जातात त्याच्यावर त्याहून जास्त.

दुखण्याची सुरुवात

आमच्याकडचे जुने मिस्त्री, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी बॉनेट उघडून गाडी चालू केली. उजव्या बाजूच्या एप्रनवर, म्हणजे जिथे इंजिनाचं माउंटिंग (इंजिनाला बॉडीवर पेलणारा रबरी आधार) बॉडीला बसतं त्या पत्र्यावर, तळवा टेकवला आणि विचारलं, "हे माउंटिंग कधी बदललं?" काळ्या रबराच्या जागी लाल पॉलियुरेथेन दिसत होतं. खाली पाहिलं तर टॉर्क रॉडच्या, म्हणजे इंजिनाचं डोलणं थोपवणाऱ्या दांड्याच्या, बुशमध्येही तेच लाल मटेरियल.

मालकाने सगळं नीट सांगितलं. आदल्या पावसाळ्यात क्लच सोडताना आणि खड्ड्यातून जाताना 'ठक' असा आवाज यायला लागला होता. उजव्या माउंटिंगचं रबर फाटलेलं निघालं. कंपनीचं रबर पुन्हा फाटेल, त्यापेक्षा हे कडक पीयू (पॉलियुरेथेन) घाला, आयुष्यभर बघायला नको आणि गिअरही चाबूक पडतील, असा सल्ला त्याला मिळाला. उजवं माउंटिंग आणि खालचा टॉर्क रॉड बदलला गेला. डावीकडचं गिअरबॉक्सचं माउंटिंग मात्र वरून ठीक दिसतंय म्हणून जुनंच ठेवलं.

सुरुवातीचे काही आठवडे गाडी खरंच छान वाटली, असं तो म्हणाला, आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. इंजिन पुढेमागे डोलायचं थांबतं तेव्हा ॲक्सिलरेटर दिल्याबरोबर गाडी ओढते, गिअर अचूक पडतात. कडक माउंटिंगचा फायदा खोटा नाही. त्याची किंमत कुठे मोजावी लागते हे लगेच दिसत नाही, एवढंच.

मूळ रबर का फाटलं याचा शोध मात्र कुणी घेतला नव्हता. हेडच्या वरच्या झाकणाचं गॅस्केट (हे हेड गॅस्केटहून वेगळं) पाझरत होतं आणि ऑइल थेट उजव्या माउंटिंगवर उतरत होतं. नैसर्गिक रबर ऑइलमध्ये फुगतं, मऊ पडतं आणि धातूच्या कवचापासून सुटतं. रबर कमजोर म्हणून फाटलं नव्हतं. त्याला रोज ऑइल पाजलं जात होतं.

माउंटिंगकडून आपण काय मागतो

माउंटिंगला तीन कामं करावी लागतात. इंजिन आणि गिअरबॉक्सचं वजन पेलायचं. अशा छोट्या गाडीत ते सव्वाशे किलोच्या आसपास धरा. चाकांना जो टॉर्क जातो त्याची उलटी प्रतिक्रिया थोपवायची, नाहीतर इंजिन बॉनेटखाली लोळण घेईल. आणि इंजिनाचे कंप बॉडीत जाऊ द्यायचे नाहीत. पहिल्या दोन कामांना कडकपणा हवा, तिसऱ्याला मऊपणा. कंपनीचं माउंटिंग म्हणजे या भांडणातली तडजोड असते आणि ती विशिष्ट इंजिन, विशिष्ट बॉडी आणि विशिष्ट आयडलिंगसाठी (उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असतानाचा वेग) मोजून मापून ठरवलेली असते. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात इंजिन चौकटीला थेट बोल्टने आवळलेलं असे. १९३१ मध्ये क्रायस्लरने प्लिमथ गाडीत रबरावर तरंगतं इंजिन 'फ्लोटिंग पॉवर' या नावाने आणलं, आणि चार सिलिंडरच्या गाडीत बसणं सुसह्य झालं. आजची रबरी आणि द्रव भरलेली माउंटिंग त्याच वाटेवरची पुढची पावलं आहेत.

आता थोडं गणित. ते टाळलं तर या प्रकरणातलं काहीच कळणार नाही.

चार सिलिंडरच्या फोरस्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. आयडलिंग ७५० आरपीएम असेल तर सेकंदाला साडेबारा फेरे, म्हणजे २५ स्फोट. म्हणजेच २५ हर्ट्झचा हादरा. दुसऱ्या बाजूला माउंटिंगवर ठेवलेल्या इंजिनाची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते: हात लावून सोडून दिलं तर ते ज्या तालात डोलेल तो ताल. हादऱ्याची वारंवारता या नैसर्गिक वारंवारतेच्या सुमारे १.४१ पट, म्हणजे दोनच्या वर्गमुळाच्या पुढे गेली, की तिथून माउंटिंग कंप अडवायला लागतं. त्याच्या खाली असेल तर माउंटिंग कंप अडवत तर नाहीच, उलट वाढवून पुढे पाठवतं.

मूळ रबरावर ही नैसर्गिक वारंवारता १० हर्ट्झ धरू. २५ भागिले १० म्हणजे अडीच. डॅम्पिंग (रबर कंप स्वतःत जिरवतं तो भाग) सोडून हिशेब केला तर हादऱ्याच्या बलाचा साधारण १९ टक्के भाग बॉडीत जातो, बाकीचा तिथेच विरतो. आता माउंटिंगचा कडकपणा चौपट करू. नैसर्गिक वारंवारता कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती २० हर्ट्झ होईल. २५ भागिले २० म्हणजे १.२५. हा आकडा १.४१ च्या खाली आहे. त्याच हिशेबाने आता १७८ टक्के बल बॉडीत जातं. आयडलिंग तेच, इंजिन तेच, आणि पत्र्यावर येणारा मार नऊपटीहून जास्त.

एसीचा कॉम्प्रेसर लागताना आयडलिंग क्षणभर खाली येतं. ते ६८० वर आलं तर हादरा २२.७ हर्ट्झचा होतो, २० च्या आणखी जवळ, आणि कागदावर हाच आकडा साडेतीनपटीवर जातो. प्रत्यक्षात डॅम्पिंग असतं, त्यामुळे इतकं होत नाही. या गाडीत एकूण कडकपणा नेमका चौपट झाला होता, असाही माझा दावा नाही, कारण तीनपैकी दोनच जागा कडक झाल्या होत्या. पण दिशा हीच. मालकाची पहिली तक्रार, एसी लावून सिग्नलला उभं राहिलं की थरथर, या हिशेबात जशीच्या तशी बसते. सीटच्या रुळावर मोबाईल घट्ट बांधून कंपनाचं ॲप लावलं, तर एसी बंद असताना सगळ्यात उंच शिखर २५ हर्ट्झवरच आलं. चाकाचा बॅलन्स किंवा ड्राइव्ह शाफ्टचा दोष असता तर उभ्या गाडीत हे शिखर दिसलंच नसतं.

इंजिनाच्या आतल्या बेअरिंगना, पिस्टनना आणि रिंगांना याचा फारसा त्रास होत नाही, हे इथेच सांगायला हवं. त्यांच्यावरचं बल स्फोटाचं आणि पिस्टनच्या जाण्यायेण्याचं असतं. खाली रबर आहे की पीयू, याने त्यात नाव घेण्यासारखा फरक पडत नाही. कडक माउंटिंगने इंजिन झिजतं, हा सरसकट समज मला पटत नाही. झिजतात, सैल होतात आणि तडकतात त्या इंजिनाभोवतीच्या गोष्टी. त्यातल्या काही अशा आहेत की त्या गेल्या की इंजिनाला खरा धोका उभा राहतो.

काय सापडलं

स्कॅनरवर बिघाडाचे दोन कोड साठलेले होते: पी०३२५ म्हणजे नॉक सेन्सरच्या सर्किटचा, आणि पी०३३५ म्हणजे क्रँक पोझिशन सेन्सरच्या सर्किटचा. क्रँक सेन्सरचा सिग्नल क्षणभर जरी तुटला तरी ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) पिस्टन कुठे आहे हे कळत नाही आणि तो इंधन व स्पार्क दोन्ही थांबवतो. चालत्या गाडीत इंजिन बंद पडल्यासारखं होण्याचं कारण हेच असणार, हे उघड होतं. पण सेन्सर तपासला तर उत्तम. त्याची वायर सेन्सरपासून हलवून पाहिली, काही नाही. मग वायरिंगच्या वाटेने मागे मागे येत गेलो.

इंजिनाचं वायरिंग बॉडीच्या वायरिंगला एका मोठ्या कपलरमध्ये मिळतं. या गाडीत तो कपलर उजव्या एप्रनवरच्या पत्र्याच्या छोट्या पट्टीवर बसवलेला आहे, माउंटिंगपासून वीतभर अंतरावर. गाडी आयडलिंगला ठेवून त्या पट्टीवर बोट टेकवलं तर बोटाला मुंग्या येत होत्या. कपलर उघडला. वरवर पाहता स्वच्छ, पाणी शिरलेलं नाही, हिरवा गंज नाही. भिंगाखाली मात्र क्रँक सेन्सरच्या दोन पिनांवर आणि शेजारच्या आणखी एका पिनेवर, नर-मादी जिथे टेकतात तिथे, काळे ठिपके दिसले. कथिलाचा मुलामा असलेल्या पिना एकमेकींवर काही मायक्रॉन जरी सतत घासत राहिल्या तरी मुलाम्याचं ऑक्साइड होतं, त्याची काळी भुकटी त्याच जागी साठते आणि विजेच्या वाटेत पडदा धरते. मल्टिमीटरवर रोध ठीक दिसतो, कारण मापताना गाडी उभी आणि शांत असते. थरथर सुरू झाली की संपर्क येतो जातो. तपासाच्या वेळी दोष दिसत नाही आणि रस्त्यावर दिसतो, याचं इतकं नेमकं उदाहरण क्वचित हातात येतं. बोटाने कपलर दाबून धरून आणि सोडून क्रँक सिग्नल स्कोपवर (सिग्नलची लहर दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिला, तेव्हा लहर मधूनच तुटताना स्पष्ट दिसली.

दुसरी सापडलेली गोष्ट माझ्या मते सगळ्यात गंभीर होती. उजवं माउंटिंग इंजिनाला एका ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटने जोडलेलं असतं. त्याच्या तीन बोल्टपैकी एक हाताने फिरेल इतका सैल होता. ब्रॅकेट काढून धुतला, तडा शोधायला लाल डाय लावला, पुसला, पांढरा डेव्हलपर मारला. काही मिनिटांत त्या पांढऱ्यावर एक बारीक लाल रेघ उमटली: वरच्या बोल्टच्या भोकापासून निघून वळणाच्या कडेने गेलेली, नखाएवढी लांब. नुसत्या डोळ्याला तिथे काहीही दिसत नव्हतं.

या तड्याची साखळी नीट लावता येते. आडव्या हादऱ्यांनी सांध्यात सूक्ष्म सरक झाली की बोल्ट आपोआप सैल होतो, हे गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. एक बोल्ट सैल झाला की उरलेल्या दोघांवर भार आला. त्यात भाराची वाटणीही आधीच बिघडलेली होती. तिघांनी मिळून कपाट उचलावं, त्यातला एक जण ताठ उभा राहावा आणि दुसरा वाकावा, तर वजन ताठ उभ्या असलेल्याच्या खांद्यावर जातं. इथे उजवं पीयू ताठ होतं आणि डावीकडचं जुनं रबर दबून बसलेलं होतं. खड्ड्यात गाडी आपटली आणि धक्का तीन जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट धरला, तर सव्वाशे किलोचं इंजिन पावणेचारशे किलोसारखं वागतं. रबर असतं तर ते दबून हा धक्का थोडा लांबवतं, त्याची धार कमी करतं. कडक पीयूने तो तसाच ब्रॅकेटला दिला.

आणि खड्डे नसतानाही आयडलिंग होतंच. २५ हर्ट्झ म्हणजे तासाला ९० हजार आवर्तनं. रोज एकूण एक तास उभं राहणं धरलं आणि वर्षातले ३०० दिवस धरले, तर २ कोटी ७० लाख. पोलादाला ताणाची एक मर्यादा असते, तिच्या खाली कितीही आवर्तनं झाली तरी ते थकत नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. छोटा ताणसुद्धा तिथे हिशेबात जमा होत राहतो. हा ब्रॅकेट घोडबंदर रोडच्या पुढच्या पावसाळ्यात तुटला असता, तर इंजिनाची उजवी बाजू खाली आली असती, आणि बेल्ट, एसीचे पाइप, ड्राइव्ह शाफ्ट सगळंच सोबत ओढलं गेलं असतं.

तिसरी गोष्ट चढावर जाणाऱ्या दमाची. बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर तिसऱ्या गिअरला गाडी ओढायला लावली आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा पाहत बसलो. ॲक्सिलरेटर दाबला की ईसीयू नॉकिंग (सिलिंडरमध्ये इंधनाचा अवेळी भडका) होतंय असं समजून इग्निशन टायमिंग, म्हणजे स्पार्कची वेळ, मागे घेत होता. कानाला मात्र नॉकिंग ऐकू येत नव्हतं. नॉक सेन्सर हा ब्लॉकवर आवळलेला पिझो स्फटिकाचा कंपनमापक असतो. सिलिंडरच्या व्यासानुसार नॉकिंगचा खरा आवाज साधारण सहा ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि सेन्सर तिथेच कान लावून बसतो. २५ हर्ट्झच्या थरथरीने तो फसत नाही, आणि पॉलियुरेथेनमधून सात हजार हर्ट्झ सहजासहजी जातही नाही. धातूवर धातू आपटला तर मात्र त्या टकटकीत सगळ्याच वारंवारता असतात.

म्हणून टॉर्क रॉड काढला. लाल बुश एका बाजूला दबून गेलं होतं आणि रॉडच्या डोळ्याची कड सबफ्रेमच्या (इंजिनाखालच्या चौकटीच्या) ब्रॅकेटवर टेकत होती. दोन्हीकडे नाण्याएवढी घासून चकचकीत झालेली जागा होती. लोड आला की इंजिन मागे झुकतं, कड टेकते, टकटक होते आणि ईसीयू तिला नॉकिंग समजतो. टायमिंग मागे गेलं की टॉर्क कमी होतो, जळण उशिरा संपतं आणि एक्झॉस्टचं तापमान वाढतं. हे महिनोन्‌महिने चाललं तर एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला त्याची झळ बसते. कडक माउंटिंगचा इंजिनाच्या कामावर झालेला हा सगळ्यात थेट परिणाम.

कूलंटचा दोष छोटा निघाला. प्रेशर टेस्टमध्ये रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीला खालच्या पायाजवळ बारीक चीर दिसली. पायाखालची रबरं पापडासारखी चपटी झाली होती. याचा सगळा दोष मी माउंटिंगवर टाकणार नाही, सात वर्षांत प्लास्टिक ठिसूळ होतंच. थरथरीने तो दिवस लवकर आणला असेल. पण कूलंट संपलेल्या अवस्थेत माजिवड्याच्या गर्दीत गाडी तापली असती, तर हेड गॅस्केट गेल्याचं ते एस्टिमेट खरं ठरलं असतं.

एका वेळी एकच बदल

सगळं एकदम बदलून गाडी देऊन टाकता आली असती. पण मग कशाने काय सुधारलं हे कळलं नसतं, आणि मालकालाही पटलं नसतं. आधी फक्त टॉर्क रॉड कंपनीचा बसवला आणि तोच चढ, तोच गिअर, तेवढाच ॲक्सिलरेटर ठेवून पाहिलं. टायमिंग मागे जाणं थांबलं, ओढ परत आली. सिग्नलची थरथर थोडी कमी झाली, पण होती. मग नवीन ब्रॅकेटसह उजवं माउंटिंग कंपनीचं बसवलं, आणि सीटच्या रुळावरचं २५ हर्ट्झचं शिखर एकदम खाली आलं. शेवटी डावीकडचं बसलेलं माउंटिंग बदललं. त्याने थरथरीत फार फरक पडला नाही, पण इंजिन सरळ बसलं.

माउंटिंग बसवण्याच्या पद्धतीवर आपल्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं, म्हणून थोडं त्याबद्दल. जॅकवर इंजिन टांगलेलं असताना बोल्ट पूर्ण आवळले तर रबर जन्मभर पिळलेल्या अवस्थेत राहतं. नवं माउंटिंगही मग कडक वागतं आणि लवकर फाटतं. मामांची रीत अशी: सगळे बोल्ट हाताने लावायचे, जॅक सोडून इंजिनाचं पूर्ण वजन माउंटिंगवर येऊ द्यायचं, इंजिन हाताने पुढेमागे हलवून त्याला स्वतःची जागा शोधू द्यायची, मग टॉर्क रेंचने ठरलेल्या मापाने आवळायचं. टॉर्क रॉड सगळ्यात शेवटी, तो कुठेही ताणलेला नाही हे पाहून. आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यापासून ब्रॅकेटपर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट पुढे जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

कपलरच्या त्या तीन पिना नव्या लावल्या, पट्टीखाली फोमचा तुकडा दिला. हेडच्या झाकणाचं गॅस्केट बदललं. ते केलं नसतं तर नवं रबरही ऑइल पिऊन तसंच गेलं असतं. रेडिएटर नवा, पायाची रबरं नवी. एस्टिमेटमधल्या ओव्हरहॉलच्या रकमेपेक्षा हा सगळा खर्च बराच कमी आला.

रेसिंगवाले मग का लावतात?

मालकाने हा प्रश्न विचारला आणि तो विचारायलाच हवा असा प्रश्न आहे. "सर, रेसिंगच्या गाड्यांत तर याहून कडक असतं. त्यांचं काही बिघडत नाही?"

वरचंच गणित पुन्हा करू. ६००० आरपीएमला स्फोटांचा हादरा २०० हर्ट्झचा होतो. माउंटिंगची नैसर्गिक वारंवारता २० हर्ट्झ जरी झाली, तरी २०० भागिले २० म्हणजे दहा, आणि कागदावर बॉडीत जाणारं बल जेमतेम एक टक्का. पाम बीच रोडवर ३००० आरपीएमला गाडी मोकळी धावत असेल तर १०० हर्ट्झ, म्हणजे सुमारे चार टक्के. कडक माउंटिंग उंच आरपीएमला बऱ्यापैकी काम करतं. ते नापास होतं आयडलिंगला. रेसची गाडी आयडलिंगला उभी राहते किती? शिवाय तिचे बोल्ट प्रत्येक शर्यतीनंतर तपासले जातात, ब्रॅकेट ठरावीक वेळाने फेकून दिले जातात, आणि आत बसणारा थरथरीची तक्रार करत नाही. आपली गाडी नेमकी ज्या आरपीएमला दिवसाचा मोठा वेळ काढते, तिथेच हे माउंटिंग सगळ्यात वाईट वागतं. तीन सिलिंडरची गाडी असेल तर परिस्थिती आणखी नाजूक: ८०० आरपीएमला तिचा स्फोटांचा हादरा २० हर्ट्झचाच असतो, म्हणजे कडक माउंटिंगच्या अगदी तोंडावर. २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टसकट आजच्या बऱ्याच छोट्या गाड्या तीन सिलिंडरच्या आहेत, तेव्हा हा सल्ला घेण्यापूर्वी आपल्या गाडीत सिलिंडर किती हे जरूर पाहा.

'आयुष्यभर बघायला नको' हा दावाही तपासून घ्यावा. पॉलियुरेथेनच्या काही जाती दमट उष्णतेत पाणी शोषून हळूहळू तुटतात. पॉलिएस्टर जातीत हे जास्त होतं, पॉलिएथर जातीत कमी. ठाण्याची हवा आणि बॉनेटखालची उष्णता यात कोणती जात आहे हे न विचारता घेतलेल्या बुशला आयुष्यभराची खात्री कशी देता येईल, मला समजत नाही. या गाडीतलं टॉर्क रॉडचं बुश वर्षभरात दबलं होतं.

ज्यांना घट्ट गिअर आणि चटकन ओढ हवीच आहे त्यांना मी तिन्ही माउंटिंग आधी कंपनीची आणि नवी करायला सांगतो. कित्येकदा गाडी सैल वाटते ती जुन्या, बसलेल्या रबरामुळे. नवं रबर घातलं की हौस तिथेच भागते. तरीही हवं असेल, तर फक्त टॉर्क रॉडचं बुश थोडं घट्ट घ्यावं, वजन पेलणाऱ्या दोन माउंटिंगना हात लावू नये. टॉर्क रॉड वजन उचलत नाही, तो फक्त डोलणं थोपवतो, आणि नाही जमलं तर काढून टाकायला सोपा आहे. एक माउंटिंग कडक आणि शेजारचं बसलेलं, ही जोडी मात्र कुठल्याच गाडीत नको.

पावसाळा संपल्यावर गाडी तपासणीला बोलावली. पिवळ्या रेघा सगळ्या बोल्टवर अखंड होत्या, नव्या ब्रॅकेटवर डाय मारून पाहिला तर रेघ उमटली नाही. कपलरच्या पिना भिंगाखाली स्वच्छ, स्कॅनरवर एकही कोड नाही, कूलंट खुणेवर. उजवं माउंटिंग कोरडं होतं. मालकाची एकच तक्रार उरली होती: गिअर आता पूर्वीइतके चाबूक पडत नाहीत. गिअर लिव्हरच्या लिंकेजची बुशं हलवून पाहिली, तर त्यात चांगलाच खुळखुळाट होता. ती बदलली, आणि गिअर त्याच्या मनासारखे पडायला लागले.